मोटारीच्या इंजिनातील शीतकाची घट

मोटारीच्या शीतलन यंत्रणेतील द्रवाची पातळी कोणतेही उघड कारण न दिसता पुन्हा पुन्हा खाली जाणे, याला शीतकाची अकारण घट असे म्हणतात. बोलीभाषेत 'गाडी कूलंट खाते' किंवा 'गाडी पाणी पिते' असेही म्हटले जाते. आधुनिक मोटारीची शीतलन यंत्रणा बंदिस्त असते. त्यामुळे सुस्थितीतील गाडीत शीतकाची पातळी अनेक महिने जवळजवळ स्थिर राहते. ती सतत घटत असेल तर द्रव कोठून तरी बाहेर पडत आहे किंवा इंजिनाच्या आतच दुसऱ्या मार्गाला लागला आहे, असा त्याचा अर्थ होतो. 'अकारण' हा शब्द येथे 'कारण अद्याप न सापडलेली' एवढ्याच अर्थाने घ्यावयाचा असतो.

कारण न शोधता केवळ द्रव भरत राहिल्यास इंजिन तापून सिलिंडर हेड वाकणे, हेड गॅस्केट फुटणे किंवा पिस्टनचा दांडा वाकणे इथपर्यंत हानी होऊ शकते. याउलट पुरेशी तपासणी न करताच हेड गॅस्केटवर ठपका ठेवून इंजिन उघडले, तर मोठा खर्च होऊनही मूळ दोष कायम राहतो. म्हणून हे निदान साध्या व कमी खर्चाच्या चाचण्यांपासून सुरू करून क्रमाक्रमाने करावे लागते.

पार्श्वभूमी

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने शीतलन यंत्रणेत जातो. प्रारंभीच्या मोटारींत या कामासाठी साधे पाणी वापरले जाई व ते उकळून वाफेच्या रूपाने निघून जाणे नित्याचेच होते. १९०१ च्या मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधमाशांच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर योजला. त्यामुळे कमी पाण्यात अधिक उष्णता बाहेर टाकणे शक्य झाले. पुढे इथिलीन ग्लायकॉलयुक्त मिश्रणे, दाब धरून ठेवणारे झाकण आणि प्रसरण टाकी यांचा वापर रूढ झाला व शीतलन यंत्रणा बंदिस्त बनली.

भारतात घाट चढण्यापूर्वी रेडिएटरमध्ये पाणी भरून घेण्याची सवय जुन्या गाड्यांच्या काळात आवश्यकच होती. ती सवय बंदिस्त यंत्रणेच्या काळातही टिकून राहिल्याने पातळी घटणे हे अनेक वाहनचालकांना दोषाचे लक्षण वाटत नाही. निदानास उशीर होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

शीतलन यंत्रणेची रचना

पंपाने ढकललेले शीतक इंजिन ब्लॉक व सिलिंडर हेड यांतील पोकळ्यांतून फिरते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही झडप रेडिएटरकडील वाट बंद ठेवते. तापमान साधारणपणे ८२ ते ९५ अंश सेल्सियसच्या दरम्यान पोचल्यावर झडपेतील मेण प्रसरण पावते आणि वाट उघडते. याच द्रवाचा काही भाग प्रवासी कक्षातील हीटरच्या जाळीतून जातो. अनेक गाड्यांत टर्बोचार्जर, तेल थंड करणारा कूलर व डिझेल इंजिनातील निष्कास वायूंचा कूलर (ईजीआर कूलर) यांनाही याच द्रवाचा पुरवठा होतो. जोड जितके अधिक, तितकी गळतीची संभाव्य स्थाने अधिक.

पाण्यात सम प्रमाणात इथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास मिश्रणाचा गोठणबिंदू सुमारे उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत खाली जातो व उत्कलनबिंदू सुमारे १०७ अंशांपर्यंत चढतो. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात गोठण्याची भीती नसली, तरी उत्कलनबिंदूतील वाढ आणि मिश्रणातील गंजरोधक द्रव्ये यांमुळे साध्या पाण्याऐवजी शीतक वापरणेच हितावह असते.

या यंत्रणेत झाकणाचे महत्त्व विशेष आहे. रेडिएटर किंवा प्रसरण टाकीच्या झाकणात स्प्रिंगवर बसवलेली झडप असते. बहुसंख्य गाड्यांत ती वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे १ बार अधिक दाब धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली शुद्ध पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणातील दुसरी छोटी झडप इंजिन थंड होताना निर्माण होणारी पोकळी भरून काढते. यांपैकी कोणतीही झडप निकामी झाली तर, बाकीचे सर्व भाग निर्दोष असूनही, शीतक कमी तापमानाला उकळून बाहेर पडू लागते.

घट मोजण्याची पद्धत

निदानाची पहिली पायरी म्हणजे घट खरोखर होते आहे का, याची खात्री करणे. तापल्यावर शीतक प्रसरण पावते. सुमारे ५ लिटर शीतक असलेल्या गाडीत थंड व तप्त अवस्थांतील आकारमानाचा फरक दोन-अडीचशे मिलिलिटर इतका असू शकतो. संध्याकाळी तप्त इंजिनावर पाहिलेली पातळी आणि सकाळी थंड इंजिनावर पाहिलेली पातळी यांची तुलना केल्यास घट नसतानाही घट झाल्याचा भास होतो.

म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, टाकीच्या बाहेरून पातळीची खूण करावी. त्यानंतर दर आठवड्याला त्याच ठिकाणी व त्याच वेळी पातळी पाहून चाललेल्या किलोमीटरसह नोंद ठेवावी. भरलेल्या द्रवाचे मापही लिहून ठेवावे. अशा नोंदींतून केवळ घटीचे प्रमाणच नव्हे, तर तिचा स्वभावही कळतो. गाडी उभी असतानाही पातळी घटत असेल तर बाह्य गळतीची शक्यता अधिक असते. घाटात किंवा महामार्गावर वेगाने चालवल्यानंतरच घट होत असेल तर झाकण, थर्मोस्टॅट, पंखा व हेड गॅस्केट यांकडे लक्ष द्यावे लागते. घटीचा वेग आठवड्यागणिक वाढत असेल तर तपासणी लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरते.

शीतक नुकतेच बदलले असेल, तर यंत्रणेत अडकलेली हवा बाहेर पडेपर्यंत पहिल्या काही फेऱ्यांत पातळी थोडी खाली जाते. ही घट एक-दोनदा भरल्यानंतर थांबते व ती दोष मानली जात नाही.

घटीचे प्रकार

शीतक नाहीसे होण्याचे मार्ग चार प्रकारांत मांडता येतात.

बाह्य गळती: रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅटचे घर, प्लॅस्टिकची टाकी, हीटरची जाळी आणि ब्लॉकवरील पत्र्याच्या चकत्या (कोअर प्लग) यांतून होणारी गळती. सर्वाधिक प्रकरणे याच प्रकारात मोडतात.

झाकणावाटे होणारी घट: झडप कमकुवत झाल्याने शीतक वाफेच्या किंवा द्रवाच्या रूपाने निसटते.

ज्वलनकक्षात होणारी गळती: हेड गॅस्केट फुटल्याने, हेडला चीर पडल्याने किंवा काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून शीतक सिलिंडरमध्ये जाते व वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. ईजीआर कूलर फुटल्यासही द्रव निष्कास वायूंच्या मार्गात जातो.

वंगण तेलात होणारी गळती: हेड गॅस्केट किंवा तेलाच्या कूलरमधून शीतक इंजिन तेलात मिसळते. काही स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत गिअर तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो फुटल्यास शीतक गिअर तेलात शिरते.

डोळ्यांनी करावयाची तपासणी

जमिनीवर थेंब दिसत नाहीत म्हणजे बाह्य गळती नाही, हा समज चुकीचा आहे. तप्त ब्लॉकवर पडलेले शीतक क्षणात वाळते. मागे राहतो तो पांढरट, हिरवट किंवा गुलाबी रंगाचा कोरडा थर. जोडांभोवतीचे असे डाग हा गळतीचा सर्वांत बोलका पुरावा असतो. पंपाच्या आसाजवळ एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजल्यावर द्रव त्यातून पाझरतो. त्या छिद्राखाली ओघळाची खूण असल्यास पंप बदलण्याची वेळ आली असे समजावे.

काही गळत्या केवळ थंड अवस्थेतच होतात. रबर आणि धातू यांचे आकुंचन सारखे नसल्याने पहाटे क्लिपेखालून थेंब पडतात व इंजिन तापल्यावर तोच जोड घट्ट बसतो. याउलट रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या कडेवरील बारीक चीर दाब चढल्यावरच उघडते. त्यामुळे एकदा थंड व एकदा तप्त अवस्थेत अशी दोन वेळा पाहणी करणे आवश्यक असते. पाहणी पहाटे करायची असल्यास आदल्या रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरून ठेवतात. थेंबाच्या जागेवरून गळतीच्या स्थानाचा अंदाज येतो.

हीटरच्या जाळीतील गळती बॉनेटखाली कधीच दिसत नाही. पुढील आसनाजवळची मॅट ओलसर लागणे, काचेवर आतून चिकट वाफ धरणे आणि गाडीत गोडसर वास येणे ही तिची लक्षणे होत. पावसाळ्यात मॅट ओली होण्याची इतर कारणेही असतात, म्हणून बोटांना लागणारा बुळबुळीतपणा व रंग यांवरून खात्री करावी. द्रव चाखून पाहू नये, कारण तो विषारी असतो.

दाबचाचणी

नुसत्या डोळ्यांनी गळती न सापडल्यास दाबचाचणी करतात. थंड इंजिनावरील झाकण काढून त्या जागी दाबमापक जोडलेला हातपंप बसवतात व झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. त्याहून अधिक दाब दिल्यास सुस्थितीतील जोडही फुटू शकतात. १५ ते २० मिनिटांत काटा खाली न आल्यास यंत्रणा त्या अवस्थेत दाब धरून आहे असे मानतात. काटा खाली येत असल्यास द्रव कोठे दिसतो ते शोधतात. काटा खाली येतो, पण बाहेर कोठेही ओल नाही, अशा वेळी हीटरची जाळी किंवा इंजिनाचा अंतर्भाग यांवर संशय जातो.

याच उपकरणाने झाकणाचीही चाचणी घेता येते. ते सांगितलेल्या दाबाच्या बरेच आधी उघडत असेल तर बदलावे. झाकण हा यंत्रणेतील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असल्याने, इतर महागड्या दुरुस्तीपूर्वी त्याची तपासणी होणे अगत्याचे असते.

अतिसूक्ष्म गळतीसाठी शीतकात चमकणारा रंग मिसळतात व काही दिवस गाडी चालवून अंधारात अतिनील दिव्याने पाहतात. गळतीच्या जागी रंग पिवळसर हिरवा चमकतो.

अंतर्गत गळतीच्या चाचण्या

ज्वलनकक्षातील वायूंचा दाब क्षणभर कित्येक दहा बारपर्यंत चढतो, तर शीतकाचा दाब सुमारे १ बारच असतो. त्यामुळे हेड गॅस्केटमध्ये बारीक फट पडली असता गाडी चालताना शीतक सिलिंडरमध्ये जाण्याऐवजी वायूच शीतकात घुसतात. ते वायू दाब वाढवून शीतकाला झाकणावाटे बाहेर ढकलतात. इंजिन बंद केल्यावर परिस्थिती उलट होते. सिलिंडरमधील दाब नाहीसा झालेला असतो, पण शीतकाचा दाब काही काळ टिकून राहतो व द्रव फटीतून आत पाझरतो. म्हणूनच अशा गाड्या सकाळी सुरू करताना क्षणभर अडखळतात, पांढरी वाफ सोडतात आणि मग सुरळीत चालतात. दिवसभर गाडी ठीक चालते, एवढ्यावरून गॅस्केट निर्दोष ठरत नाही.

या दोषाच्या निदानासाठी पुढील चाचण्या प्रचलित आहेत.

रासायनिक चाचणी: प्रसरण टाकीच्या तोंडावरील हवा एका निळ्या द्रावातून ओढून घेतात. हवेत ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड असल्यास निळा रंग पिवळा होतो. इंजिन पूर्ण तापलेले व थर्मोस्टॅट उघडलेला असताना ही चाचणी घ्यावी लागते. द्रावात शीतकच ओढले गेल्यास निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाही. रंग बदलला तर गळती जवळजवळ निश्चित होते. रंग न बदलल्यास मात्र ती पूर्णपणे नाकारता येत नाही, कारण बारीक फट केवळ जास्त भाराखालीच उघडणारी असू शकते.

बुडबुड्यांची पाहणी: हवा पूर्णपणे काढून टाकल्यानंतरही टाकीत सतत बुडबुडे येत राहणे हे ज्वलनवायूंचे लक्षण असू शकते.

स्पार्क प्लगची पाहणी: पेट्रोल इंजिनात ज्या सिलिंडरमध्ये पाणी जाते, त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा इतरांपेक्षा स्वच्छ दिसतो. प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा आत घालून पिस्टनचा माथाही पाहता येतो. यंत्रणेत रात्रभर दाब ठेवून सकाळी असे पाहिल्यास पिस्टनवर साचलेला द्रव प्रत्यक्ष दिसू शकतो.

संपीडित हवेची चाचणी: पिस्टन वर आणून झडपा बंद असताना सिलिंडरमध्ये संपीडित हवा सोडतात. प्रसरण टाकीत बुडबुडे आल्यास त्या सिलिंडरमधून शीतकाच्या पोकळीत वाट आहे, हे स्पष्ट होते.

तेलाची तपासणी: प्रयोगशाळेत तेलातील ग्लायकॉल तसेच शीतकातील सोडियम व पोटॅशियम यांचे अंश शोधता येतात. डोळ्यांना दिसण्यापूर्वीच मिसळ उघडकीस आणण्याचा हा मार्ग आहे.

फसवी लक्षणे

काही लक्षणे वाहनचालकांना, प्रसंगी अनुभवी मेस्त्रींनाही, चुकीच्या निष्कर्षाकडे नेतात.

गाडीखालील पाणी: वातानुकूलन चालू असताना गाडीखाली पडणारे स्वच्छ, वासरहित पाणी हे हवेतील बाष्पाच्या संघननाने बनते. महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या दमट हवेत ते भरपूर पडते. त्याचा शीतकाशी संबंध नसतो.

सकाळची वाफ: थंडीच्या दिवसांत सायलेन्सरमधून दिसणारी व थोड्याच वेळात नाहीशी होणारी पांढरी वाफ सामान्य असते. इंजिन तापल्यानंतरही दाट वाफ येत राहणे व तिला गोडसर वास असणे हे दोषाचे लक्षण होय.

तेलाच्या झाकणाखालचा फेस: केवळ जवळच्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत संघननामुळे तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर जमतो. डिपस्टिकवरील तेल स्वच्छ असल्यास एवढ्यावरून हेड गॅस्केट फुटल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

शीतकाचा रंग: हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा हे रंग उत्पादकागणिक बदलतात. रंगावरून रासायनिक प्रकार ओळखता येत नाही.

तापमानाचा काटा: हे सर्वांत धोकादायक फसवे लक्षण होय. तापमानाचा संवेदक द्रवात बुडालेला असेल तेव्हाच योग्य मापन करतो. शीतक इतके घटले की संवेदकाभोवती केवळ वाफ व हवा उरली, तर इंजिन प्रत्यक्षात अतिशय तापलेले असूनही काटा मध्यावर किंवा त्याखाली राहू शकतो. काटा अचानक खाली येणे, तसेच चालू असलेल्या हीटरमधून एकाएकी गार हवा येणे, ही शीतक संपत आल्याची खूण मानावी.

दुर्लक्षाचे परिणाम

आजच्या बहुतेक इंजिनांचे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमच्या संमिश्राचे असते. ते अति तापल्यास वाकते व गॅस्केटवरील दाब सर्वत्र सारखा राहत नाही. अशा रीतीने क्लिपेखालची साधी गळती हेड गॅस्केटच्या मोठ्या बिघाडात रूपांतरित होते. सिलिंडरमध्ये बराच द्रव साचलेला असताना इंजिन सुरू केल्यास, द्रव दाबला जात नसल्याने पिस्टनचा दांडा वाकतो किंवा तुटतो. तेलात मिसळलेले ग्लायकॉल वंगणाचा गुण नष्ट करून बेअरिंग खराब करते. निष्कासात गेलेल्या शीतकातील क्षार ऑक्सिजन संवेदक व उत्प्रेरक परिवर्तक यांना निकामी करू शकतात.

घटलेल्या शीतकाच्या जागी वारंवार नळाचे किंवा बोअरचे पाणी भरल्यास गंजरोधक द्रव्ये विरळ होतात व कठीण पाण्यातील क्षारांचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. अशा प्रकारे मूळ दोषात नव्या दोषांची भर पडते.

उल्लेखनीय उदाहरणे

ब्रिटनमधील रोव्हर कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणलेले के-मालिका इंजिन हे शीतकाच्या घटीच्या चर्चेत वारंवार येणारे उदाहरण आहे. ॲल्युमिनियमचे हे हलके इंजिन लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले होते व त्यात शीतकाचे एकूण प्रमाण कमी होते. ते पुढे एमजी एफ, लोटस एलिस आणि लँड रोव्हर फ्रीलँडर या गाड्यांतही बसवले गेले. हेड गॅस्केट फुटण्याबद्दल, विशेषतः १.८ लिटरच्या आवृत्तीत, त्याची मोठी अपकीर्ती झाली. मुळात द्रव थोडाच असल्याने इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधील किंवा पंपाजवळील लहानशी गळतीही हेड तापण्यास पुरेशी ठरे. थर्मोस्टॅट पंपाकडे परतणाऱ्या वाटेवर असल्याने तो उघडताच थंड द्रवाचा लोंढा तप्त इंजिनात शिरून धातूवर ताण येई. हेड जागेवर धरणाऱ्या प्रारंभीच्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांऐवजी पुढे पोलादी खुंट्या आल्या. नंतर अनेक पदरी पोलादी गॅस्केट व थर्मोस्टॅटची सुधारित रचनाही उपलब्ध झाली. फुटलेले गॅस्केट हे पुष्कळदा शीतकाच्या घटीचे कारण नसून तिचा परिणाम असते, ही बाब या इंजिनाच्या इतिहासातून अधोरेखित होते. मूळ गळती न शोधता केवळ गॅस्केट बदललेल्या इंजिनांत तोच बिघाड पुन्हा होण्याचा धोका राहत असे.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियातील आहे. तेथे २०१८ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीच्या अनेक डिझेल गाड्यांना आगी लागल्या. ईजीआर कूलरमधून गळलेले शीतक काजळी व तेलाच्या थरात साचून, तप्त वायूंच्या संपर्कात पेट घेत असल्याचे कंपनीने सांगितले. कंपनीने तेथील सुमारे १ लाख ६ हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील शासनाने तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणण्यास मनाई केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत बोलावलेल्या गाड्यांची जागतिक संख्या सुमारे १६ लाखांपर्यंत वाढवण्यात आली. ग्लायकॉल पाण्यात मिसळलेले असताना सहसा पेट घेत नाही. मात्र पाणी उडून गेल्यावर मागे उरलेला अंश ज्वलनशील असतो.

दुरुस्ती

बाह्य गळतीत सदोष भाग बदलणे हाच खात्रीचा उपाय असतो. एक नळी कडक होऊन तडकली असेल तर त्याच वयाच्या इतर नळ्याही तपासून घ्याव्यात. हेड गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का, हे पट्टी लावून मोजणे, चिरा तपासणे आणि उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने व जोराने बोल्ट आवळणे आवश्यक असते. अनेक इंजिनांत हे बोल्ट एकदाच वापरण्याजोगे असतात. दुरुस्तीनंतर यंत्रणेतील हवा काढून टाकणे व दाबचाचणी पुन्हा घेणे हा कामाचाच भाग मानला जातो.

गळती बुजवणारी तयार रसायने बाजारात मिळतात. भारतातील चालकवर्गात रेडिएटरमध्ये हळदपूड टाकण्याचा घरगुती उपायही परिचित आहे. अशा पदार्थांनी बारीक छिद्र तात्पुरते बुजू शकते, पण त्यांचा गाळ हीटरची जाळी व रेडिएटरच्या नळ्याही बुजवू शकतो. त्यामुळे त्यांचा उपयोग आडवाटेवरून गॅरेजपर्यंत पोचण्यापुरताच मर्यादित ठेवणे इष्ट ठरते.

सुरक्षितता

तप्त इंजिनावरील झाकण कधीही उघडू नये. दाब एकाएकी नाहीसा होताच शंभर अंशांपेक्षा अधिक तापलेला द्रव क्षणार्धात उकळून उसळतो व चेहरा, मान आणि हात गंभीररीत्या भाजतात. रेडिएटरची वरची नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. त्यानंतरही जाड कापड ठेवून झाकण हळूहळू सैल करावे. भाजल्यास त्या भागावर सुमारे २० मिनिटे वाहते गार पाणी सोडावे, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये व वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रवासात काटा लाल भागाकडे जाऊ लागल्यास वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. अति तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला चीर पडू शकते.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण अत्यंत विषारी असते. शरीरात त्याचे विघटन होऊन बनणाऱ्या ऑक्सॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात व ती निकामी होऊ शकतात. अंगणात सांडलेले शीतक कुत्री-मांजरे चाटण्याचा धोका असतो, तर पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले शीतक लहान मुले पिण्याचा. सांडलेला द्रव तत्काळ माती किंवा भुशाने टिपून घ्यावा, जागा पाण्याने धुवावी आणि उरलेले शीतक मूळ डब्यातच मुलांच्या हाती न लागेल असे ठेवावे. कोणाच्या पोटात ते गेल्याची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. त्यावर प्रतिविष उपलब्ध असून ते लवकर मिळण्यावर उपचारांचे यश अवलंबून असते.

हेही पाहा

अंतर्ज्वलन इंजिन
रेडिएटर
थर्मोस्टॅट
इथिलीन ग्लायकॉल
उत्कलनबिंदू